आप्पांच्या कोंबड्या आणि तीन हद्दी

सासऱ्यांनी भोर तालुक्यातलं घर बंद करून मुलांकडे राहायला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: कोंबड्या बरोबर येणार. पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. वर्षाची वाटणीही आप्पांनी स्वतःच करून टाकली. पावसाळा आमच्याकडे किरकटवाडीला, दिवाळी झाली की लेकीकडे निगडी प्राधिकरणात आणि उन्हाळा धाकट्या मुलाकडे खडकी बाजारात.

आता ही तीन घरं म्हणजे तीन वेगळ्या हद्दी. किरकटवाडी पुणे महापालिकेत, प्राधिकरण पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि खडकी बाजार कटक मंडळात, म्हणजे कँटोन्मेंटमध्ये. कुठे काय चालतं ते आधी विचारून घ्यायचं ठरलं. नवऱ्याचं म्हणणं होतं, "आणून तर टाकू, मग बघू." पण आमची रो हाऊसची सोसायटी आहे. तिथे 'मग बघू'चं काय होतं ते मी पार्किंगच्या प्रकरणात पाहिलं होतं. शिवाय घरात अर्ज लिहायचा कंटाळा नसलेली मी एकटीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात आलं.

पुण्यात कोंबडीविषयी विचारायला माणूस मिळणार नाही असं वाटलंच नव्हतं. देशभर अंड्यांचे दर सुचवणाऱ्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं मुख्यालय इथलं. 'संडे हो या मंडे' ही जाहिरात तिचीच. व्यंकटेश्वरा हॅचरीजही इथली. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला स्पायसर कॉलेजसमोर, जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या रोगांचं निदान करणारी पश्चिम विभागाची प्रयोगशाळाही औंधला आणि सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला. दहा हजार पक्ष्यांची शेड टाकायची असती तर मला कर्जापासून पंख्यांपर्यंत सगळं सांगणारी माणसं भेटली असती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पोल्ट्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण प्रदूषण मंडळाची संमती घ्यायचा प्रश्न येतो ५,००० पक्ष्यांपासून पुढे. आमचे सहा. समोरचा माणूस आकडा ऐकून आधी हसायचा आणि मग विचारायचा, "गावठी आहेत का? अंडी विकणार का?"

पहिली चौकशी ज्या क्षेत्रीय कार्यालयात केली, त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी वाईट वागवलं असं काही नाही, फक्त कुणाच्याच टेबलावर हा विषय बसेना. परवाना विभागाने विचारलं, चिकनचं दुकान टाकताय का? नाही म्हटल्यावर आरोग्य विभागाकडे पाठवलं. आरोग्यवाल्यांनी पशुवैद्यकीय विभागाचं नाव सांगितलं. पशुवैद्यकीय विभाग म्हणजे मुख्यतः कुत्री: नसबंदी, रेबीजची लस, पाळीव कुत्र्याचा परवाना. तिथल्या गृहस्थांनी फॉर्म पुढे केला, त्यावर जातीचा रकाना होता आणि त्यात लॅब्राडॉर, पॉमेरेनियन वगैरे. शेवटी परत आरोग्यात आले तेव्हा एका वयस्क निरीक्षकांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही परवानगी मागायला आलेल्या पहिल्याच. लोक पाळतात, शेजारी तक्रार करतात, मग आम्ही येतो. तक्रार नसेल तर आम्ही कशाला येऊ?"

त्या एका वाक्यात सगळी नियमावली आली होती, पण ते मला तेव्हा पटलं नाही. मला लेखी हवं होतं. म्हणून मी कायदाच वाचायला घेतला.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. जुने लोक अजून त्याला बीपीएमसी ॲक्ट म्हणतात. मुख्य कलमांच्या मागे अनुसूची आहे आणि तिच्यातल्या नियमांत जनावरं पाळण्याविषयी एक नियम आहे. त्याचा आशय असा: डुकरं पाळायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, कोणतंही जनावर लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने आवारात ठेवायचं नाही, जनावराला घाण खायला घालायची नाही. कोंबडीचा वेगळा उल्लेख त्या नियमात नाही. किती पक्षी, खुराडं भिंतीपासून किती फुटांवर, कोंबडा चालेल की नाही, काहीही नाही. गाईम्हशींसाठी राज्याचा १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. कुत्र्याला परवाना लागतो. मांजरांची नोंदणीसुद्धा सक्तीची करत असल्याचं पुणे महापालिकेने २०२२ मध्ये जाहीर केलं. या सगळ्यांतून कोंबडी मात्र सुटली आहे. अंडी किंवा पक्षी विकायला लागलात तर गोष्ट वेगळी. मग तो धंदा होतो आणि परवान्याचं कलम पुढे येतं. आप्पांना अंडी विकायची नव्हती. वाटायची होती, आणि वाटण्यावर कुणाचंच बंधन नाही.

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. 'मला कोंबड्या पाळता येतील का?' असं विचारू नका. हा सल्ला झाला आणि सल्ला देणं माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. कार्यालयात असलेला कागद देणं हे आहे. म्हणून 'निवासी मिळकतीत कुक्कुटपक्षी पाळण्यासंबंधी लागू असलेले उपविधी, ठराव व परिपत्रके यांच्या प्रती मिळाव्यात' असं लिहायचं, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि पोच घ्यायची. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात. एका ठिकाणाहून 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. नवरा म्हणाला, झाले दहा रुपये वाया. मला तर तो सगळ्यात कामाचा कागद वाटला. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोच चालला.

मग पिंपरी-चिंचवड. पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या माणसांनी एकमेकांच्या शहराबद्दल काय काय बोलावं ते इथे लिहीत नाही. पण आमच्या नणंदबाई ठाम होत्या की त्यांच्याकडचे नियम आधुनिक असणार, रस्ते बघा आमचे. मी पुस्तक उघडून दाखवलं. पुणे महापालिका १९५० ची, पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची, पण दोघींना लागू असलेला अधिनियम एकच. डुकरांचा नियम तोच, उपद्रवाचा तोच. बांधकामाचे नियमही आता एकच: राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि मुंबईसारखे मोजके भाग सोडले तर सगळीकडे तीच चालते. म्हणजे मी दोन शहरांची तुलना करायला निघाले होते आणि दोन्हीकडे पान तेच निघालं.

फरक निघाला तो जमिनीच्या कागदात. नणंदेचा बंगला ज्या प्लॉटवर आहे तो तिच्या सासऱ्यांनी नवनगर विकास प्राधिकरणाकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं, २०२१ मध्ये विसर्जित झालं आणि त्याचा कारभार महापालिका आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांच्यात वाटला गेला. पण भाडेपट्टा जिवंत आहे आणि त्यात 'फक्त निवासी वापर' ही अट आहे. मेहुणे, म्हणजे नणंदेचे यजमान, निवृत्त बँकवाले. त्यांनी चष्मा लावून तो दस्त पहिल्या पानापासून वाचला. पाच कोंबड्या हा निवासी वापर की बिगरनिवासी, यावर त्यांनी आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. माझं म्हणणं, कुत्रं पाळणं निवासी असेल तर कोंबडीही निवासी. त्यांचं म्हणणं, कुत्रं अंडी देत नाही. उत्पन्न आलं की वापर बदलला. नणंद स्वयंपाकघरातून म्हणाली, मग कढीपत्ताही काढून टाका. शेवटी ठरलं की विक्री नाही तर अडचण नाही, पण हस्तांतराच्या वेळी कुणी फोटो काढून नेला तर कटकट नको म्हणून पक्कं बांधकाम करायचं नाही.

पक्क्या बांधकामाची गोष्ट मात्र तिन्ही घरांना लागू होती आणि तीच लोकांच्या लक्षात येत नाही. कोंबडी कुणी मोजत नाही, खुराडं मोजतात. बंगल्याच्या किंवा रो हाऊसच्या बाजूला आणि मागे जी मोकळी जागा सोडावी लागते, जिला सगळे साइड मार्जिन म्हणतात, तिथे विटांचं खुराडं बांधून वर पत्रा टाकला की ते बांधकाम झालं. शेजाऱ्याला कोंबड्या आवडत नसतील तर तो कोंबड्यांची तक्रार करणार नाही, अनधिकृत बांधकामाची करेल, कारण त्याच्यावर कारवाई करायला खातं तयार आहे. म्हणून आमचं खुराडं चाकांवर आहे. लोखंडी अँगलची चौकट, जमिनीपासून दीड फूट वर, खाली चार कॅस्टर. ढकललं की दुसरीकडे जातं. वेल्डिंगवाल्याला आधी ते वडापावच्या गाडीचं काम वाटलं.

खडकीची कथा निराळी आहे. पुण्याभोवती तीन कटक मंडळं आहेत: पुणे, खडकी आणि देहूरोड. तिथे महापालिकेचा कायदा लागतच नाही. छावणी अधिनियम, २००६ हा केंद्राचा कायदा लागतो आणि वर संरक्षण मंत्रालय. दोन रस्त्यांपलीकडे महापालिकेची कचरागाडी येते आणि अलीकडे कटक मंडळाची. उपद्रवाची कलमं त्या कायद्यातही आहेत आणि नुसती वाचली तर महापालिकेपेक्षा कडक वाटतात. बांधकामाबाबत तर विचारूच नका. कँटोन्मेंटच्या जुन्या बंगल्यांपैकी कितीतरी 'ओल्ड ग्रँट'वर आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि वरचं घर तुमचं. तिथे भिंतीला खिडकी पाडायची तरी परवानगी. दिरांचं घर बंगला नाही, बाजारातलं भाड्याचं दोन खोल्यांचं आहे आणि मागे सामाईक आवार. पण नियम तेच.

कँटोन्मेंटचं एक मला आवडलं. हद्द लहान, त्यामुळे आरोग्य, पाणी, बांधकाम सगळं एकाच कार्यालयात. कुणाकडे जायचं हा प्रश्न पडला नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या, घरमालकाचं ना हरकत पत्र जोडा, असं सांगितलं. घरमालक म्हणजे ऐंशीच्या पुढचे एक पारशी गृहस्थ. त्यांनी ना हरकत लगेच दिली आणि वर त्यांच्या लहानपणी आवारात बदकं आणि टर्की कशी होती ते सांगत बसले. दिराची बायको मला हळूच म्हणाली, "वहिनी, परवानगी मिळाली तर पंचाईत होईल. आवार चार बिऱ्हाडांत सामाईक आहे, झाडायचं मलाच." कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात हा मुद्दा नव्हता. माझ्या तक्त्यात मी तो सगळ्यात वर लिहिला.

हो, मी तक्ता केला होता. त्यात चौथा रकाना भोरचा. तिथला नियम शोधायला गेले तर उलटंच निघालं. गावात जिल्हा परिषद कोंबड्या पाळा म्हणून अनुदान देते. तलंगा गट वाटपाची योजना आहे: आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि ३ नर, निम्मं अनुदान, अर्ज पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे. आप्पांच्या चुलतभावाने घेतलेला गट मी पाहिला आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एका गावात सरकार हातात कोंबडी देतं आणि तासाभराच्या रस्त्यावर तीच कोंबडी उपद्रव ठरू शकते.

आणि आमची किरकटवाडी तर या दोन्हींच्या मध्ये अडकली आहे. जून २०२१ च्या अखेरीला २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात आमचं गाव. त्याआधी ग्रामपंचायत होती. गावठाणातल्या कोंबड्या एका रात्रीत महापालिकेच्या झाल्या; त्यांच्या दिनक्रमात काही बदल झाल्याचं दिसलं नाही. अजूनही सकाळी मारुतीच्या देवळामागे त्या उकिरडा उकरत असतात आणि संध्याकाळी बायका डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, घेऊन बाहेर येतात. गावठाणात कुणी तक्रार करत नाही. तक्रार करतो आम्ही, म्हणजे रो हाऊस आणि टॉवरमध्ये राहायला आलेले लोक. दोनशे मीटरवर दोन वेगळी गावं आहेत आणि कायदा एकच, पण तो फक्त एकीकडे जागा असतो.

आमच्या मीटिंगमध्ये हवा तापलेली होती त्याला कारण होतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, गुलेन बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आढळला. तो कोंबड्यांच्या आतड्यात असतो हे टीव्हीवर आल्यावर पुढचं सांगायला नको. पशुसंवर्धन विभागाने कोंबड्यांचे नमुने घेतले, चिकनची दुकानं ओस पडली. संशय मुख्यतः पाण्यावर होता. महापालिकेत आल्यावरही या गावांत विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता घरी येत होतं. पण लोकांच्या डोक्यात कोंबडी बसली ती बसलीच. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेलं मांस हे धोक्याचे मार्ग, मागच्या अंगणात फिरणारी कोंबडी खिडकीतून बघितल्याने काही होत नाही, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "आणि बर्ड फ्लू?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आला. पक्ष्यांच्या बाबतीत खरा कडक कायदा असेल तर तो इथे आहे: प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९. रोग सापडला की त्या जागेभोवती एक किलोमीटरच्या वर्तुळातले सगळे पक्षी नष्ट करतात, परसातले पाचसुद्धा, आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. नुकसानभरपाई मिळते. या वर्तुळाला महापालिका, कँटोन्मेंट, ग्रामपंचायत काही कळत नाही. कंपास जिथे फिरेल तिथपर्यंत हद्द. मी आजोबांना तसंच सांगितलं आणि लिहून दिलं की एकाहून जास्त पक्षी एकाएकी मेले तर मी स्वतः पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवीन, पुरून टाकणार नाही. हे मी मनापासून लिहिलं, कारण लपवालपवीतून जे होतं त्याची भीती मलाही आहे.

खरी लढाई कोंबड्यावर झाली. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि आप्पांना ठाऊक असून मान्य नव्हतं. "कोंबड्याशिवाय खुराडं म्हणजे काय वसतिगृह आहे का?" पण शहरात पाळलेल्या पक्ष्यांच्या बऱ्याचशा तक्रारी आवाजाच्या असतात, आणि आवाज कोंबड्याचा. कोंबडी अंडं दिल्यावर पाच-दहा मिनिटं ओरडते, तेही दिवसा. कोंबडा पहाटे चारला सुरू होतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. चारला आरवणारा कोंबडा म्हणजे कायद्याने रात्रीच आरवला. वर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे, जुन्या फौजदारी संहितेचं १३३. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश काढू शकतात. कोंबड्यासाठी कुणी एवढं करेल असं नाही, पण वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणारा आयटीतला मुलगा राहतो आणि त्याच्या बाबांनी वकिली केलेली आहे.

नवऱ्याने तोडगा काढला: रात्री कोंबड्यावर अंधारं डालगं ठेवू, उजाडलंय हे कळणारच नाही त्याला. आप्पांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. कोंबडं झाकण्याची म्हण ज्या माणसाकडून नवऱ्याने लहानपणापासून ऐकली, त्याच्यासमोर हा उपाय मांडायला हिंमत लागते. कोंबडा चुलतभावाकडे राहिला. आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

उरलेल्या पाच कोंबड्यांना सोसायटीने बहुमताने हो म्हटलं. सेक्रेटरींना आधी 'परवानगी' असा शब्द ठरावात नको होता, जबाबदारी येते म्हणून. महापालिकेचं ते एका ओळीचं उत्तर मी पुढे ठेवलं: मनाई दाखवणारा कागद कार्यालयातच नाही. मग 'हरकत नाही' असं लिहायचं ठरलं. अटी अशा की सामाईक रस्त्यावर सोडायच्या नाहीत, विक्री नाही, वास आला तर आठवड्यात बंदोबस्त, आणि शेजारच्या जैन कुटुंबाच्या विनंतीवरून, आवारात कापायच्या नाहीत. ही शेवटची अट मला सगळ्यात सोपी वाटली. आप्पा त्यांना नावाने हाक मारतात.

वासाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे आणि कायद्याच्या पुस्तकात ते कुठेच नाही. कोंबडीची विष्ठा कोरडी असेल तर वास येत नाही. ओली झाली की अमोनिया सुटतो आणि डोळ्यांत पाणी येतं. खडकवासल्याच्या बाजूला जुलैमध्ये पाऊस कसा असतो ते इथल्या लोकांना माहीत आहे. आम्ही गादी पद्धत ठेवली: खाली भाताचं तूस चार इंच, ते दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं, दमट वाटलं की थोडा चुना मिसळायचा. पाण्याचं भांडं खुराड्याच्या बाहेर टांगलेलं, मान बाहेर काढून प्यायचं. निम्मी ओल तिथेच संपते. आत पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा पुरते, पण मी जास्त ठेवली. साध्या षटकोनी कोंबडीजाळीच्या भरवशावर राहू नका. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. डोंगराच्या पायथ्याला मुंगूस, रानमांजर, घूस सगळं आहे. बोहरी आळीतून अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणली. खाद्य पत्र्याच्या डब्यात आणि रात्री भांडी रिकामी, नाहीतर घुशी येतात, घुशींमागे साप. साप निघाला की सगळी बहुमतं फिरतात.

लशीचा घोळ शहरातल्या माणसाला आधी कळत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, ही कोंबड्यांची सगळ्यात वाईट साथ. तिची लस मिळते, स्वस्त आहे, पण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवायची. पाच कोंबड्यांसाठी पंच्याण्णव मात्रा ओतून द्यायच्या? इथे गावठाण कामाला आलं. देवळामागच्या बायकांच्या मिळून ऐंशीच्या वर कोंबड्या निघाल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सगळ्या एकाच संध्याकाळी डालग्यात ठेवा, मी येतो. सोसायटीच्या गेटबाहेर राहणाऱ्या ज्या बायकांशी वर्षानुवर्षं फक्त मान हलवण्याइतकी ओळख होती, त्यांच्याबरोबर मी त्या संध्याकाळी कोंबड्या धरत होते. आप्पा खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक पक्ष्याचं वय सांगत होते.

दिवाळीनंतर निगडीला जायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनीच विषय संपवला. कोंबड्यांना जागा बदलली की ताण येतो, अंडी थांबतात, पिसं गळायला लागतात. गावरान कोंबडी आधीच वर्षाला ६० ते ८० अंडी देते. तिला वर्षातून तीनदा घर बदलायला लावलं तर तेही विसरा. एका जागी ठेवा म्हणाले. आप्पा एकटेच निगडीला गेले. रोज संध्याकाळी फोन करून तांबडी खुडूक झाली का, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसली का, विचारायचे. आठवडा पुरा व्हायच्या आत नणंदेने त्यांना गाडीत घालून परत आणलं आणि जाताना अंडी घेऊन गेली.

भाडेपट्ट्याची फाईल मेहुण्यांनी कपाटात परत ठेवली, माझ्या टिपणांसकट. खडकीचा अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही. दिराची बायको म्हणते काढून टाका, पण लेखी उत्तर आलं तर बाजारात दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. त्या पारशी घरमालकांनी तर बदकांसाठीही चालेल का ते विचारायला सांगितलं आहे.